हात आणि सूर यांच्यामधलं अंतर



पत्रिकेत विषय छापला आहे 'संगीत आणि संगणक'. विषय एवढा मोठा आहे की तासाभरात त्याच्या उंबरठ्याशी पोचलो तरी पुष्कळ. म्हणून मी त्यातला एकच धागा धरतो. संगणकातून आवाज कसा काढला, हा इतिहास बऱ्याच ठिकाणी लिहिलेला आहे. माणसाचा हात त्या आवाजापर्यंत कसा पोचला, हा दुसरा इतिहास. तो फारसा सांगितला जात नाही. मी जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलं, तेव्हा यंत्राच्या पोटात काय चाललंय याच्यापेक्षा यंत्रापुढे बसलेल्या माणसाचं काय होतं, याचं मला जास्त कुतूहल आहे.

सुरुवात एका फ्रेंच तत्त्वज्ञापासून करतो. मॉरिस मेर्लो-पाँती यांचा प्रत्यक्षानुभवावरचा मोठा ग्रंथ १९४५ साली आला. त्यात ते ऑर्गन वाजवणाऱ्याचं उदाहरण देतात. एका वादकाला अनोळखी ऑर्गन मिळतो. कळांच्या ओळी कमी-जास्त आहेत, खटक्यांच्या जागा वेगळ्या आहेत. तरी तासाभराच्या सरावानंतर तो कार्यक्रम करू शकतो. आता प्रश्न असा, की तासाभरात त्यानं शेकडो जागा पाठ केल्या का? शक्य नाही. मेर्लो-पाँती म्हणतात, नव्या घरात माणूस जसा राहायला लागतो तसा तो त्या वाद्यात राहायला लागतो. अंधारात दिव्याच्या बटणाकडे आपला हात जातो तेव्हा आपण नकाशा आठवत नाही. हाताला ते घर माहीत असतं.

आजच्या व्याख्यानापुरता आपला प्रश्न हाच: संगणकात असं राहता येतं का?

आता इतिहासाकडे येऊ. संगणकानं सूर काढल्याच्या सगळ्यात जुन्या नोंदी १९५१ च्या आसपासच्या आहेत. ऑस्ट्रेलियात आणि इंग्लंडमधल्या मँचेस्टरला. मँचेस्टरच्या यंत्राच्या भोंग्यातून निघालेल्या धुनांचं ध्वनिमुद्रण बीबीसीनं त्याच वर्षी केलं. पण गंमत बघा, तो भोंगा संगीतासाठी बसवलेला नव्हता. काम संपलं, काही बिघडलं, हे चालकाला कानानं कळावं म्हणून तो होता. यंत्रानं माणसाला हाक मारायची ती सोय होती, आणि तिचं गाणं झालं.

खरी सुरुवात १९५७ ची धरतात. त्या सुमारास अमेरिकेत दोन गोष्टी घडल्या आणि त्या एकमेकींच्या अगदी उलट आहेत. इलिनॉय विद्यापीठात लेजारेन हिलर आणि लिओनार्ड आयझॅकसन यांनी संगणकाकडून स्वरलेखन करून घेतलं. संगणकानं फक्त कागदावरचे सूर ठरवले. वाजवायला चार माणसं, चार व्हायोलिनच्या जातीची वाद्यं. इकडे न्यूजर्सीत, मरे हिलच्या बेल लॅबोरेटरीजमध्ये मॅक्स मॅथ्यूज यांनी उलटं केलं. सूर माणसानं ठरवायचे आणि आवाज संगणकानं घडवायचा.

बेल ही टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा. टेलिफोनवरचं बोलणं आकड्यांत बदलून पाठवता येईल का, हा तिथला संशोधनाचा विषय. आवाज म्हणजे हवेच्या दाबातला चढउतार. तो सेकंदाला हजारो वेळा मोजला तर आकड्यांची एक लांबलचक ओळ तयार होते. आपली सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा मोजते. मॅथ्यूज स्वतः हौशी व्हायोलिनवादक. त्यांच्या मनात आलं, की आवाजाचे आकडे होतात, तर आकड्यांचा आवाज का होऊ नये? त्यांनी 'म्यूझिक' नावाचा प्रोग्राम लिहिला आणि त्यावर न्यूमन गटमन यांनी एक रचना केली. लांबी सतरा सेकंद.

त्या सतरा सेकंदांसाठी काय करावं लागे? सूचना लिहायच्या, कार्डांवर भोकं पाडायची. आयबीएम ७०४ हा संगणक न्यूयॉर्कला, म्हणजे तिथे जायचं, भाड्यानं वेळ घ्यायचा, आकड्यांची चुंबकीय फीत घेऊन मरे हिलला परतायचं. आकड्यांचा आवाज करणारं यंत्र तिथे होतं. मग कानावर काय पडतं ते ऐकायचं. एखादा सूर खटकला? पुन्हा कार्डं, पुन्हा न्यूयॉर्क.

मॅथ्यूज यांनी १९६३ साली 'सायन्स' या नियतकालिकात लेख लिहिला. संगणकातून तत्त्वतः कोणताही ऐकू येणारा आवाज काढता येईल, असा त्यांचा दावा होता. मुख्य मर्यादा दोन: एक खर्च, दुसरी म्हणजे माणूस आवाज कसा ऐकतो याचं आपलं अपुरं ज्ञान. दावा खरा ठरला. पण आज मागे वळून बघताना मला तिथे तिसरी मर्यादा दिसते, ती वाट पाहण्याची. गाणारा माणूस सूर लावतो, ऐकतो आणि ऐकता ऐकता सावरतो. लावणं आणि ऐकणं यांच्यात फट नसते. इथे ती फट दिवसांची झाली होती. सगळं आधी ठरवून लिहून द्यायचं. तत्त्वज्ञानात गिल्बर्ट राइल यांनी 'अमुक आहे हे माहीत असणं' आणि 'अमुक करता येणं' असा भेद केला आहे. १९५७ च्या संगणकाला पहिलंच ज्ञान देता येत होतं. पोहण्याबद्दलचं सगळं कागदावर लिहून द्यायचं, पाण्यात मात्र उतरायचं नाही, असा तो प्रकार.

याचा अर्थ विद्युतवाद्यांना हात माहीतच नव्हता, असं मात्र नाही. रशियात लेव्ह थेरेमिन यांनी १९२० साली असं वाद्य केलं की त्याला स्पर्शही करायचा नाही. एका हाताच्या अंतरानं सुराची उंची बदलते, दुसऱ्या हाताच्या अंतरानं आवाज लहान-मोठा होतो. वाजवायला महाकठीण, कारण हवेत पडदे नसतात. पण हात हलला की त्याच क्षणी सूर हलतो. म्हणजे एका बाजूला हात होता, पण स्मरण नव्हतं. दुसऱ्या बाजूला संगणकाकडे अफाट स्मरण होतं आणि हात नव्हता.

हे दोन्ही एकत्र आणायचा मोठा प्रयत्नसुद्धा मॅथ्यूज यांनीच केला. एफ. रिचर्ड मूर यांच्याबरोबर त्यांनी 'ग्रूव्ह' नावाची व्यवस्था उभी केली आणि १९७० साली तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. युक्ती साधी होती. आवाजाचा प्रत्येक आकडा काढायला संगणकाला वेळ लागतो ना? मग आवाज साध्या विद्युत-उपकरणांकडून काढा. संगणकानं फक्त माणसाच्या हाताची हालचाल टिपायची. मूठ कधी फिरवली, दांडी किती कलली, हे लक्षात ठेवायचं, पुन्हा वाजवायचं, हवं तिथे दुरुस्त करायचं. मॅथ्यूज यांनी यासाठी वाद्यवृंदाच्या संचालकाची उपमा दिली. संचालक प्रत्येक सूर स्वतः वाजवत नाही. तो लय राखतो, उठाव देतो, आवरतो. माणसानं संगणकाशी तसं वागावं. लॉरी स्पीगल या संगीतकार बाईंनी १९७० च्या दशकात या व्यवस्थेवर पुष्कळ काम केलं.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या. संगणकाला 'आत्ता, याच क्षणी' उत्तर द्यायला लावण्याची गरज लढाऊ विमानांच्या रडारला होती, तशीच ती संगीताला होती. पगाराच्या हिशेबाला तिची गरज नव्हती. पगारपत्रक उद्या छापलं तरी चालतं, सम उद्या येऊन चालत नाही.

म्हणूनच माणूस आणि संगणक यांच्या व्यवहाराचा जो अभ्यास पुढे स्वतंत्र शास्त्र म्हणून उभा राहिला, त्यात संगीताकडून आलेली माणसं दिसतात. कॅनडाचे विल्यम बक्स्टन हे त्यातलं ठळक नाव. मूळचे संगीताचे पदवीधर. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ओटावाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत संगीतकारांसाठी केलेलं एक यंत्र त्यांना वापरायला मिळालं. त्यात दोन्ही हातांना काम होतं. एका हातानं पडद्यावर सुराची जागा दाखवायची, दुसऱ्या हातानं तो किती लांबीचा ते सांगायचं. माउस घराघरांत पोचायला अजून दहा-पंधरा वर्षं होती. पुढे टोरँटोत बक्स्टन यांनी संगीतरचनेच्या संगणकव्यवस्थेवर काम केलं, आणि १९८५ साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर एकाच वेळी अनेक बोटांचे स्पर्श आणि प्रत्येक स्पर्शाचा दाब ओळखणाऱ्या पाटीवर शोधनिबंध सादर केला. आज आपल्या खिशातल्या फोनवर आपण दोन बोटांनी फोटो मोठा करतो. त्याची वंशावळ थेट तिथूनच निघते असा माझा दावा नाही, त्या नदीला अनेक ओढे मिळाले आहेत. पण संगणकापुढच्या माणसाला दहा बोटं असतात, हे आधी कुणाला सुचलं? ज्यांनी दहा बोटांनी काही वाजवलं होतं, त्यांना.

वेळेचं मोजमापही संगीतानंच काटेकोर केलं. २००१ साली अमेरिकेत सिएटलला माणूस-संगणक व्यवहाराच्या मोठ्या परिषदेत वाद्यांसाठी एक छोटी कार्यशाळा भरली. तीच पुढच्या वर्षी डब्लिनमध्ये स्वतंत्र परिषद झाली आणि अजून दरवर्षी भरते. त्या पहिल्या कार्यशाळेत डेव्हिड वेसल आणि मॅथ्यू राइट यांनी मांडलं, की हाताची कृती आणि आवाज यांच्यात दहा मिलिसेकंदांपेक्षा, म्हणजे सेकंदाच्या शंभराव्या भागापेक्षा, जास्त उशीर नसावा. दहा मिलिसेकंद म्हणजे किती? तेवढ्या वेळात आवाज हवेतून साधारण साडेतीन मीटर जातो. आपल्या बैठकीत गायक आणि तबलजी यांच्यात याहून कमी अंतर असतं, ते उगाच नाही. २०२० च्या टाळेबंदीत ज्यांनी व्हिडिओ कॉलवर गाण्याला तबल्याची साथ करून बघितली असेल त्यांना हे पटेल. शंभर मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे तबलजीला चौतीस मीटर लांब, मैदानाच्या पलीकडे बसवल्यासारखं. त्यात दोष कुणाच्या लयीचा नव्हता.

तर वेळेचं अंतर असं मिटत आलं. पण हात आणि सूर यांच्यात आणखी एक अंतर असतं, ते कल्पनेचं. माझ्या दृष्टीनं खरा मुद्दा तिथे आहे.

१९८३ साली 'मिडी' नावाचा करार बाजारात आला. डेव्ह स्मिथ आणि जपानचे इकुतारो काकेहाशी ही त्यामागची प्रमुख नावं. एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याशी बोलू शकावं, यासाठी ही सामाईक भाषा. त्या जानेवारीत दोन वेगळ्या कंपन्यांची वाद्यं एका तारेनं जोडून दाखवली गेली. उपकार मोठाच आहे. आज कुठलाही मुलगा घरच्या घरी गाणं बांधतो, तो या करारावर उभा आहे. या भाषेतलं मुख्य वाक्य असं: अमुक क्रमांकाची कळ, इतक्या जोरानं, दाबली, अमुक कळ सोडली. कळांना क्रमांक १२८. जोराच्या पायऱ्याही ० ते १२७.

हे वाक्य साधं वाटतं, पण त्यात सूर म्हणजे काय याचा एक सिद्धांत दडलेला आहे. सूर ही सुटी वस्तू आहे, ती एका क्षणी सुरू होते, एका क्षणी संपते, आणि तिची जागा ठरलेली असते. पियानोपुढे बसणाऱ्याला हे सहज पटतं. आता दरबारीतला कोमल गंधार घ्या. तो कुठल्या क्रमांकावर ठेवणार? तो झुलतो. रिषभाकडून येतो, हेलकावे घेतो आणि खाली उतरतो. ते येणं-जाणं काढून टाकलं तर उरतो तो दरबारीचा गंधार नव्हेच. मिडीमध्ये सूर वाकवायची सोय होती, नव्हती असं नाही. पण ती एका वाहिनीवरच्या सगळ्या सुरांना एकदम लागू व्हायची. म्हणजे एक सूर वाकवला की शेजारचेही वाकणार. मूळ घडण कळेची, आणि मींड ही वरून दिलेली सवलत.

मराठी माणसाला हा वाद नवा नाही. आपल्याकडे तो पेटीच्या निमित्तानं होऊन गेला आहे. हार्मोनियम युरोपातून आली, पण आपल्याकडे तिचं रूप बदललं. पायानं हवा भरायची पेटी होतीच, पण मांडीपुढे घेऊन बसायची हातपेटी कलकत्त्यात तयार झाली आणि तीच सगळीकडे गेली. उजवा हात कळांवर, डावा भात्यावर. हा बदल मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्या गाण्याला दोन्ही हातांनी वाजवायचे स्वरसमूह नकोत, एकच ओळ हवी. मग डावा हात मोकळा आहे, त्याला श्वासाचं काम द्या. माणूस-यंत्र व्यवहाराच्या अभ्यासाचा यापेक्षा चांगला धडा मी शोधून आणू शकणार नाही, आणि तो देणारे कारागीर होते.

पण मींडेचा प्रश्न राहिलाच. १९४० साली ऑल इंडिया रेडिओनं पेटीला बंदी केली. तिच्याविरुद्ध जॉन फोल्ड्स या रेडिओतल्या इंग्रज संगीतकारानं लिहिलं होतं, आणि रवींद्रनाथ ठाकूरांसारख्यांचंही मत पेटीच्या विरुद्धच होतं. ती बंदी सैल व्हायला १९७० चं दशक उजाडलं. त्याच्याही आधी आपल्याच कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी बावीस श्रुतींचं गणित मांडलं, १९१० साली पुस्तक काढलं, आणि अर्नेस्ट क्लेमंट्स या आयसीएस अधिकाऱ्याच्या साथीनं श्रुती-हार्मोनियमचा पुरस्कार केला. बारा कळा अपुऱ्या पडतात? मग जास्त कळा करू. प्रामाणिक आणि कष्टाचा उद्योग होता. पण गायकवादकांनी तो उचलला नाही. त्याची कारणं अनेक असतील. मला मूलभूत दिसतं ते असं, की बाराच्या बावीस केल्या तरी कळ ती कळच. अडचण जागांच्या संख्येत नव्हती, दोन जागांच्या मधल्या वाटेत होती. जिन्याच्या पायऱ्या वाढवल्या म्हणून त्याची घसरगुंडी होत नाही.

मग वाटेचा विचार कुणी केलाच नाही का? केला होता. कॅनडाच्या ह्यू ले केन यांनी १९४५ ते १९४८ या काळात एक विद्युतवाद्य केलं. दिसायला कळफलकच, पण कळ खाली दाबली की आवाज मोठा होई आणि कळ आडवी, डावी-उजवीकडे रेटली की सूर सरके. डाव्या हाताकडे आवाजाचा रंग. म्हणजे बोटाच्या तीन हालचालींना तीन अर्थ. मिडीच्या पस्तीस वर्षं आधी! तरी करार झाला तेव्हा बाजारात चालत होते ते दाबायचे-सोडायचे कळफलक, आणि भाषा त्यांचीच झाली. प्रत्येक बोटाचा सूर वेगळा वाकवता यावा अशी दुरुस्ती अधिकृतपणे स्वीकारली गेली २०१८ साली. पुन्हा पस्तीस वर्षं. करारात जे सुटतं ते परत आणायला पिढी जाते.

इथे कुणी म्हणेल, सर, मग आपले पेटीवादक? गोविंदराव टेंबे, पी. मधुकर, अप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर? रास्त प्रश्न आहे. हवेचा दाब आवरून, कणस्वर निसटते लावून त्यांनी त्या वाद्यातून मींडेचा भास उभा केला. यंत्राच्या सिद्धांतावर रियाजानं मात केली. पण रियाजाला एक अट असते. वाद्य दहा-वीस वर्षं तेच राहावं लागतं. अॅमस्टरडॅमचे मिशेल वायस्वित्स यांनी १९८४ साली दोन्ही हातांत घालायचं एक संगणक-वाद्य केलं, त्याचं नावच 'हात', आणि पुढे दोन दशकांहून अधिक काळ ते वाजवलं. एका टप्प्यावर त्यांनी सुधारणा थांबवल्या आणि सरावाला बसले. कारण वाद्य रोज बदललं तर हात त्यात राहणार कधी? ज्या परिषदेचा मी मघाशी उल्लेख केला, तिथे २००२ साली प्रिन्स्टनच्या अजय कपूर आणि सहकाऱ्यांनी विद्युत-तबला मांडला. बोटाची थाप कुठे पडली, किती जोरानं, हे टिपणारा. अशी पुष्कळ वाद्यं तिथे येतात. त्यातली अनेक एकदा दाखवून कपाटात जातात, ही तक्रार तिथले अभ्यासक स्वतःच करतात. मेर्लो-पाँतींच्या भाषेत सांगायचं तर घरं भराभर बांधली जातात, राहायला कुणी जात नाही.

शेवटचं उदाहरण आपल्या रोजच्या घरातलं. बंगळूरुच्या जी. राज नारायण यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस विद्युत श्रुतीपेटी केली, पुढे तंबोरा आला, आता तो फोनमध्ये आहे. चाळीतल्या खोलीत किंवा टोरँटोच्या फ्लॅटमध्ये शिकणाऱ्या मुलीला त्यामुळे सूर मिळाला, हे मी फार मोलाचं मानतो. पण खऱ्या तंबोऱ्यात खुंटी पिळायची, मणी सरकवायचा, जवारीचा दोरा हलवायचा, आणि तारा बोलू लागेपर्यंत ऐकत राहायचं. ती दहा-पंधरा मिनिटं म्हणजे गाण्याआधीचा वेळ नव्हता. गाण्याचा पहिला धडा तोच होता. नव्या यंत्रात सूर आयता येतो आणि तो धडा वगळला जातो. यंत्र करणाऱ्यानं तो मुद्दाम वगळला नाही. त्याला सूर द्यायचा होता, त्यानं दिला. शिकवणं हे त्याच्या कामाच्या यादीत नव्हतं.

म्हणून समोर बसलेल्यांपैकी जे सॉफ्टवेअरमध्ये काम करतात त्यांना आणि जे गाणं शिकवतात त्यांना माझं एकच सांगणं आहे. तुमची एकमेकांशी ओळख असू द्या. १९८३ च्या करारात दरबारीचा गंधार बसला नाही, त्यात कुणाचा कट नव्हता. त्या टेबलाशी तो गंधार हाताला माहीत असलेला माणूस नव्हता, इतकंच. आज गाणं ऐकणारी, सूर तपासणारी, 'बेसूर' म्हणून लाल खूण करणारी सॉफ्टवेअरं येत आहेत. एखादी विद्यार्थिनी आंदोलित गंधार नीट लावेल आणि पडद्यावर लाल खूण उमटेल, तेव्हा ती कानावर विश्वास ठेवेल की खुणेवर? तो निर्णय ती करण्याआधीच त्या सॉफ्टवेअरमध्ये झालेला असेल. तो होत असताना आपल्यापैकी कुणीतरी तिथे असावं, अशी माझी इच्छा आहे.

इथे थांबतो. वेळ आहे, प्रश्न घेऊ या.